फॉस्टसने अर्धंच वाचलेलं वचन: इंग्रजी शोकांतिकेतला ख्रिस्ती विचार कसा वाचायचा

शेक्सपिअरचा समकालीन नाटककार क्रिस्टोफर मार्लो याच्या 'डॉक्टर फॉस्टस'चा, म्हणजे सैतानाला आत्मा विकणाऱ्या विद्वानाच्या शोकांतिकेचा, पहिलाच प्रवेश. फॉस्टस अभ्यासिकेत बसून एकेक विद्या निकालात काढतोय. तर्कशास्त्र झालं, वैद्यक झालं, कायदा झाला. शेवटी तो लॅटिन बायबल उघडतो आणि मोठ्याने वाचतो: पापाचे वेतन मरण. 'हे फारच कडक झालं,' असं म्हणून पुढचं वचन काढतो: आमच्यात पाप नाही असं म्हटलं तर आम्ही स्वतःलाच फसवतो. संपलं. पाप तर होणारच, पापाला मरण ठरलेलंच, मग जे व्हायचं ते होणारच, असा हिशेब करून तो धर्मशास्त्राला रामराम ठोकतो आणि जादूच्या पोथ्या पुढे ओढतो.

आता तुम्ही बायबल उघडा. मराठी चालेल. रोमकरांस पत्र, अध्याय ६, वचन २३. 'मरण' या शब्दावर वाक्य संपतच नाही. पुढे 'पण' आहे, आणि त्या 'पण'नंतर देवाचं कृपादान, सार्वकालिक जीवन. दुसरं वचन योहानाच्या पहिल्या पत्रातलं, अध्याय १, वचन ८. त्याला चिकटूनच नववं येतं: आपण पापं कबूल केली तर तो क्षमा करील. दोन्ही वेळा फॉस्टस नेमका क्षमेच्या उंबरठ्यावरून मागे फिरलाय. आणि हा माणूस कोण, तर विटेनबर्गचा धर्मशास्त्राचा डॉक्टर. ही वचनं त्याला झोपेतून उठवून विचारली तरी यायला हवीत.

एम.ए.ला मी हे नाटक बाजारातल्या गाइडवर वाचलं. त्यात 'सत्तेची हाव' होती, 'प्रबोधनकाळाचा माणूस' होता, दहा गुणांचं उत्तर होतं. पुढचं वचन वाचून बघ, असं कुणी सांगितलं नाही. ते कळल्यावर नाटक पहिल्यापासून पुन्हा वाचावं लागलं. खाली दिलेली पद्धत त्या दुसऱ्या वाचनातून आली आहे. बायबल कधी हातात धरलेलं नसलं तरी ती जमते.

आधी जमवाजमव

नाटकाची टिपांसकट छापलेली प्रत हवी. फॉस्टसच्या बाबतीत प्रस्तावना पाहून संहिता १६०४ची आहे की १६१६ची ते ठरवून घ्या, कारण ही दोन वेगळी नाटकं म्हणावीत इतका त्यांच्यात फरक आहे. मार्लो १५९३मध्ये डेप्टफर्डला भोसकला गेला, त्यामुळे दोन्ही छापल्या गेल्या त्या त्याच्या मागे.

बायबलबाबत एक सापळा आहे. लोक हटकून किंग जेम्स बायबलमधली वाक्यं शेक्सपिअरशेजारी ठेवतात. ते भाषांतर आलं १६११ला, तोवर 'हॅम्लेट', 'ऑथेल्लो', 'लिअर', 'मॅक्बेथ' सगळी लिहून झाली होती. शब्दाला शब्द ताडायचा असेल तर १५६०चं जिनिव्हा बायबल घ्या किंवा चर्चमध्ये वाचलं जाणारं १५६८चं बिशप्स बायबल. नुसता अर्थ समजून घ्यायला मराठी बायबल उत्तम.

तिसरी गोष्ट सहसा कुणी घेत नाही: इंग्लंडच्या चर्चचं १५५९चं प्रार्थनापुस्तक. त्या काळी रविवारी चर्चला न जाणाऱ्याला १२ पेन्स दंड होता. म्हणजे नाटकाला येणाऱ्या माणसाच्या कानात हे पुस्तक वर्षानुवर्षं मुरलेलं असे, आपल्याकडे आरत्या मुरतात तसं. त्यातला निदान दफनविधी तरी वाचून ठेवा. 'हॅम्लेट'मध्ये ऑफेलियाला पुरतात त्या प्रवेशात तो कामी येईल.

पायरी १: शब्दांची झाडाझडती

मराठी वाचकाची खरी अडचण इंग्रजी नाही. अडचण ही की आपल्याकडे या सगळ्या कल्पनांना तयार शब्द आहेत आणि ते वेगळ्याच घरातून आलेले आहेत.

प्रायश्चित्त आणि पश्चात्ताप ही जोडी घ्या. प्रायश्चित्त हे कर्म आहे: उपास, दान, यात्रा, केलं की फिटलं. फॉस्टसला जे जमत नाही ते हे नव्हे. त्याला मन फिरवायचंय आणि क्षमा मिळेल यावर भरवसा ठेवायचाय. करायचं काहीच नाही, मागायचं फक्त आहे, आणि तेच त्याला अवघड जातं. तसंच 'निराशा'. आपल्याला ती मनाची अवस्था वाटते, औषध घेऊन बरी होणारी. या नाटकांत ती पाप आहे, आणि तेही भयंकर, कारण 'माझं पाप देवाच्या क्षमेपेक्षा मोठं' असं म्हणणं हा उलट्या बाजूने केलेला अहंकारच. शेवटच्या अंकात एक म्हातारा फॉस्टसला सांगतो की तुझ्या डोक्यावर देवदूत कृपेची कुपी घेऊन घिरट्या घालतोय, दया माग आणि निराशा टाळ. त्यावर फॉस्टसचं उत्तर असं की पश्चात्ताप होतोय, तरीही मी निराश आहे. दोन्ही शब्द एकाच ओळीत. त्यांचे नेमके अर्थ ठाऊक नसतील तर ती ओळ नुसतं रडगाणं वाटते.

म्हणून एक वही करा. पाप, कृपा, तारण, शापितपणा, निराशा, ईश्वरी योजना असे आठ-दहा शब्द लिहा आणि प्रत्येकापुढे 'आपल्याकडे याचा अर्थ' व 'नाटकात याचा अर्थ' अशा दोन बाजू भरा. हे काम तुमच्याआधी एका इंग्रजानेच केलंय, तेही मराठीत. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडमधल्या विल्टशरचा, जेझुइट या कॅथलिक संघात गेलेला, १५७९मध्ये गोव्यात उतरलेला. त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ला रायतूरला छापलं गेलं. त्याच वर्षी शेक्सपिअर वारला आणि फॉस्टसची दुसरी संहिता निघाली. स्वर्गासाठी स्टीफन्सने सरळ 'वैकुंठ' शब्द घेतला. त्यात काय मिळालं नि काय सांडलं, यावर तुमच्या वहीचं पहिलं पान भरेल.

पायरी २: जन्म एकच, हे डोक्यात पक्कं करा

ही पायरी छोटी दिसते, पण सगळ्यात जास्त वाचक इथेच घसरतात. आपल्या मनात कुठेतरी पुढचा जन्म असतोच. नरक असला तरी तो भोगून संपतो. गीता तर स्वर्गाबद्दलही सांगते की पुण्य सरलं की पुन्हा मर्त्यलोकात यायचं. तिथे काहीच कायमचं नसतं. फॉस्टसने आत्म्याच्या बदल्यात सैतानाशी केलेला करार आहे २४ वर्षांचा, आणि त्यानंतर जे आहे त्याला वर्षंच नाहीत.

मार्लोला हा फरक ठाऊक होता. शेवटच्या तासात, अकराचे टोले पडल्यावर, फॉस्टस आधी सौदा करायला बघतो: नरकात हजार वर्षं ठेव, लाख वर्षं ठेव, पण शेवटी सोडव. मग त्याचा तोच म्हणतो की शापित आत्म्यांना अंतच नाही. आणि त्यानंतर त्याला पायथागोरस आठवतो. आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो हे पायथागोरसचं म्हणणं खरं असतं, तर मी एखादं जनावर झालो असतो. जनावरं सुखी, मेली की त्यांचे आत्मे पंचमहाभूतांत विरून जातात. पुनर्जन्माची कल्पना इथे आशा म्हणून येते आणि ती खोटी आहे म्हणून तो किंचाळतो. ज्या चौऱ्यांशी लक्ष योनींच्या फेऱ्यातून सुटायला आपल्याकडे माणूस धडपडतो, तो फेरा मिळावा म्हणून हा तळमळतोय. हा उतारा वाचल्याशिवाय इंग्रजी शोकांतिकेतल्या मरणाचं वजन कळलं असं मी म्हणणार नाही.

या चौकटीत मरणाची वेळ आणि मरताना मनाची अवस्था यांवर सगळं अडलेलं असतं. बायकोला मारायला आलेला ऑथेल्लो डेस्डिमोनाला विचारतो, आज प्रार्थना केलीस का? तयारी नसलेल्या तुझ्या आत्म्याला मी मारणार नाही. मग ती अर्धा तास मागते, निदान एक प्रार्थना म्हणेपर्यंत थांब म्हणते, तेव्हा तो म्हणतो, उशीर झाला. आत्मा वाचवायची भाषा करणारा माणूस एका प्रार्थनेचा वेळ देत नाही. देवलांचं 'झुंजारराव' (१८९०) किंवा शिरवाडकरांचं 'ऑथेल्लो' घरात असेल तर याच जागेवर बोट ठेवून मूळ नाटकाशी ताडून बघा.

पायरी ३: कुठला ख्रिस्ती धर्म, हे विचारा

'ख्रिस्ती विचार' असं एकच गाठोडं बांधू नका. आठव्या हेन्रीने १५३४मध्ये रोमशी संबंध तोडला, मेरीने १५५३नंतर देश परत कॅथलिक केला, एलिझाबेथने १५५९ला पुन्हा फिरवला. एका माणसाच्या हयातीत चर्चमधला विधी तीन-चारदा बदलला. स्ट्रॅटफर्डच्या गिल्ड चॅपलमध्ये शेवटच्या न्यायदिवसाचं मोठं भित्तिचित्र होतं. १५६३-६४च्या हिशेबात चॅपलमधली चित्रं विद्रूप करण्यासाठी २ शिलिंग दिल्याची नोंद आहे, आणि त्या वेळी गावाचा खजिना सांभाळत होता जॉन शेक्सपिअर, नाटककाराचा बाप. चित्र खरवडलं नाही, वरून चुना फासला. ते खाली राहिलं.

'हॅम्लेट'मधलं भूत, म्हणजे हॅम्लेटच्या खून झालेल्या बापाचं, त्या चुन्याखालून आलेलं आहे. दिवसा आगीत उपाशी राहून, जिवंतपणी केलेली पापं जळून जाईपर्यंत तिथेच राहायचं, असं ते सांगतं. याला कॅथलिक धर्मात पर्गेटरी म्हणतात, आत्मा शुद्ध होण्याची मधली जागा. इंग्लंडच्या चर्चच्या १५७१च्या ३९ कलमांपैकी बाविसाव्याने ही कल्पना पोकळ आणि मनाने रचलेली ठरवली होती. भूत पुढे तक्रार करतं की प्रभुभोजन नाही, पापनिवेदन नाही, मरणाआधी लावायचं पवित्र तेल नाही, तसाच मारला मला. हेही कॅथलिक विधी. आणि मुलगा शिकतो कुठे, तर विटेनबर्गला, १५१७मध्ये ल्यूथरने जिथून प्रॉटेस्टंट बंडाची ठिणगी टाकली त्या गावी. कॅथलिक बापाचं भूत प्रॉटेस्टंट विद्यापीठातल्या मुलाला दिसतंय. मुलाला जे शिकवलंय त्याप्रमाणे हा सैतानही असू शकतो, आणि तो तसं बोलूनही दाखवतो. हॅम्लेटच्या चालढकलीवर वह्याच्या वह्या भरल्यात, त्यात हे साधं कारण कितीदा दिसतं? आगरकरांनी आपल्या भाषांतराला १८८३मध्ये 'विकारविलसित' नाव दिलं. नाव देखणं आहे, पण त्याने नाटक मनोविकारांच्या खात्यात टाकलं. भूत कुठून आलं हा प्रश्न त्या नावात मावत नाही.

पायरी ४: जिथे कुणी प्रार्थना करतं, तिथे मुक्काम करा

वेळ कमी असेल तर बाकी पायऱ्या उडवा, ही मात्र करा. उदाहरण 'हॅम्लेट'चा तिसरा अंक, तिसरा प्रवेश.

क्लॉडियस, म्हणजे भावाला मारून राजा झालेला हॅम्लेटचा काका, एकटा आहे. माझ्या पापाची दुर्गंधी आकाशापर्यंत पोचलीय, त्यावर सगळ्यात जुना शाप आहे, भावाचा खून. हा शाप काइनचा, बायबलमधल्या पहिल्या खुन्याचा. मग तो नीट, जवळजवळ वकिली पद्धतीने विचार करतो: ज्यासाठी खून केला त्या गोष्टी अजून माझ्याकडेच आहेत, मुकुट, महत्त्वाकांक्षा आणि राणी. लूट न सोडता क्षमा मिळते का? पृथ्वीवर लाच देऊन सुटता येतं, वर तसं चालत नाही. हा खलनायक धर्मशास्त्र फॉस्टसपेक्षा चांगलं जाणतो. तो वचन अर्धं वाचत नाही. पूर्ण वाचतो, अट काय आहे ते त्याला कळतं, आणि ती पाळायची त्याची तयारी नाही. तरीही गुडघे टेकतो.

मागून हॅम्लेट येतो. तलवार उपसलेली. आणि थांबतो, कारण प्रार्थना करताना मारला तर हा स्वर्गात जाईल. माझा बाप मात्र भरल्या पोटी, पापं ऐन बहरात असताना मारला गेला. याला दारूत, रागात, बिछान्यात गाठू, म्हणजे नरकातच जाईल. अठराव्या शतकातला समीक्षक डॉक्टर जॉन्सन याला हे भाषण वाचण्या-उच्चारण्यापलीकडचं भयंकर वाटलं होतं, आणि मला वाटतं त्याचं बरोबर होतं. शत्रूचा देह पुरेसा नाही, त्याचा आत्माही कायमचा हवा. न्यायनिवाड्याची देवाची खुर्ची हॅम्लेट ओढून घेतोय. शाळेपासून आपण त्याला 'विचारी' म्हणत आलोय, त्या विशेषणाचं इथे काय करायचं ते तुम्ही ठरवा.

हॅम्लेट जातो. क्लॉडियस उठतो आणि दोन ओळी म्हणतो: शब्द वर उडाले, विचार खालीच राहिले, विचारांवाचून शब्द स्वर्गात पोचत नाहीत. ओठांत एक आणि पोटात एक. म्हणजे प्रार्थना झालीच नव्हती, आणि हॅम्लेटच्याच हिशेबाने मारायला याहून योग्य क्षण नव्हता.

असा प्रवेश सापडला की वहीत चार प्रश्न लिहा. हा माणूस काय मागतोय? ते मिळण्याची अट काय? त्याला अट माहीत आहे का? आणि तो नेमका कोणत्या शब्दावर अडतो?

पायरी ५: एका शब्दासाठी दोन प्रती ताडा

किचकट वाटेल, पण दोन जागा दाखवतो. फॉस्टसमध्ये चांगला देवदूत म्हणतो की अजून उशीर झालेला नाही. १६०४च्या प्रतीत: फॉस्टसला पश्चात्ताप करता *आला* तर. १६१६च्या प्रतीत: त्याने पश्चात्ताप *केला* तर. इंग्रजीत एका क्रियापदाचा फरक. पण पहिल्यात शंका आहे की त्याच्यात ती ताकद तरी शिल्लक आहे का. देवाने कुणाला तारायचं ते आधीच ठरवलंय, या प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनच्या मताची थंडगार सावली. दुसऱ्यात दार उघडं आहे, आत जायचं की नाही हे त्याच्या हातात. आणि गंमत अशी की हीच दुसरी प्रत शेवटी सैतानाचा दूत मेफिस्टोफिलिस याच्या तोंडी घालते की तू शास्त्र वाचत होतास तेव्हा पानं मी उलटली, तुझी नजर मी वळवली. मग पहिल्या प्रवेशातलं अर्धं वचन कुणाचं पाप? प्रत बदलली की उत्तर बदलतं.

दुसरी जागा कायद्याची. १६०६मध्ये रंगभूमीवर देवाचं नाव अवमानाने घेण्याला प्रत्येक वेळी १० पौंड दंड लागला. म्हणून फॉस्टसच्या आकांतातली ख्रिस्ताचं रक्त आकाशात वाहताना दिसतंय ही ओळ १६०४ला आहे, १६१६ला नाही. 'ऑथेल्लो'च्या १६२२च्या प्रतीतल्या शपथा १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित ग्रंथात, धुऊन निघाल्या. तेव्हा 'या नाटकात देवाचा उल्लेख कमी, म्हणजे लेखक नास्तिक' असं लिहिण्याआधी छपाईचं वर्ष बघा.

पायरी ६: कुठे थांबायचं

एकदा हे डोळे आले की सगळीकडे क्रूस दिसायला लागतात. मीही 'लिअर'च्या समासात राजाच्या धाकट्या मुलीपुढे, कॉर्डेलियापुढे, 'ख्रिस्त' लिहून ठेवलं होतं. आधार नाही असं नाही. 'बाबा, मी तुमच्याच कामासाठी निघाले आहे' हे तिचं वाक्य लूकच्या शुभवर्तमानातल्या बारा वर्षांच्या येशूची आठवण देतं. पण शेक्सपिअरसमोर या कथेचं एक जुनं नाटक होतं, १६०५ला छापलेलं, ख्रिस्ती भाषेने भरलेलं आणि गोड शेवटाचं. त्याने ती भाषाही काढली आणि गोड शेवटही. घातलेलं जितक्या काळजीने वाचतो तितक्याच काळजीने काढलेलं वाचायला हवं. १६८१ला नेहम टेट या नाटककाराने 'लिअर' बदलून कॉर्डेलियाला जिवंत ठेवून तिचं लग्न लावून दिलं, आणि रंगभूमीवर दीडशे वर्षं तेच चाललं. लोकांना हवं ते शेक्सपिअरने दिलं नव्हतं, एवढं त्यावरून कळतं. समीक्षक ए. सी. ब्रॅडलीने १९०४मध्ये लिहिलं की एलिझाबेथकालीन नाटक जवळजवळ पूर्णपणे ऐहिक आहे. फॉस्टससमोर मला ते पटत नाही, लिअरच्या वादळात बरंचसं पटतं. एका नाटकाचं उत्तर दुसऱ्याला लावू नका, इतकीच माझी खबरदारी.

सरावासाठी

'मॅक्बेथ', दुसरा अंक, दुसरा प्रवेश. खून करून आलेला मॅक्बेथ सांगतो की शेजारच्या खोलीत झोपेतून दचकून उठलेले दोघं प्रार्थना पुटपुटत होते. एक म्हणाला, देव आपल्याला आशीर्वाद देवो. दुसरा म्हणाला, आमेन. मलाही 'आमेन' म्हणायचं होतं. आशीर्वादाची गरज सगळ्यात जास्त मलाच होती, आणि शब्द घशात अडकला. बायको म्हणते, इतका खोल विचार करू नकोस. थोडं पाणी घेतलं की हे धुतलं जाईल. इथे मत्तय अध्याय २७, वचन २४ उघडा आणि येशूला मरणाच्या हवाली करताना हात धुणारा रोमी सुभेदार पिलात बघा. चौथ्या पायरीतले चार प्रश्न दोघांनाही लावा, उत्तरं वहीत लिहा, आणि मगच पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशाकडे जा. तिथे तीच बाई झोपेत हात चोळतेय, रक्ताचा वास जात नाहीये, आणि बघायला बोलावलेला डॉक्टर हळूच म्हणतो की हिला वैद्यापेक्षा पाद्र्याची गरज जास्त आहे. पाद्र्याला बोलावणं मात्र कुणीच पाठवत नाही.